समुद्र दुधासारखा कसा करावा

अभिनंदन! तुम्ही कॅमेरा घेतलात. भाचीचं बारसं काढून झालं, गच्चीवरून पौर्णिमेचा चंद्र काढून झाला, सोसायटीतलं मांजर तर इतक्यांदा काढलंत की ते आता तुम्हाला पाहून जिना बदलतं. पुढची पायरी समुद्र. नवशिक्याला समुद्रासारखा विषय नाही. तो हलतो, पण पळून जात नाही. मानधन मागत नाही आणि "ह्यात मी जाड दिसतेय, डिलीट कर" असंही म्हणत नाही.

तुमच्यासाठी आम्ही अलिबाग ते मुरूड हा सुमारे पन्नास किलोमीटरचा किनारा निवडला आहे. कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, पद्मदुर्ग आणि जंजिरा असे पाच किल्ले या पट्ट्यात आहेत. शिवाय खाडी, सुरूची बनं, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कोळीवाडे. इथली माणसं जन्मभर राहूनही म्हणतात की समुद्र अजून कळला नाही. तुम्हाला तो जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळी सात ते संध्याकाळी सात एवढ्या वेळात उरकायचा आहे. खाली दिलेल्या पायऱ्या क्रमाने पाळा. मध्येच डोकं वापरू नका.

१. आधी खरेदी

समुद्राचा फोटो दुकानात सुरू होतो. ट्रायपॉड घ्या. वाइड लेन्स घ्या, आणि वाइड लेन्समध्ये किल्ला मोहरीएवढा दिसतो हे कळल्यावर टेलिफोटो घ्या. पोलरायझर घ्या. आकाश निम्मं काळं करणारी काच घ्या, सगळंच काळं करणारी काच घ्या. या शेवटच्या काचेचं नाव एनडी १००० आणि ती सुमारे हजारातला एक भाग प्रकाश आत सोडते. म्हणजे भर उजेडात किनाऱ्यावर जायचं आणि तिथे अंधार विकत नेऊन लावायचा. घरच्यांना किंमत सांगताना शेवटचं शून्य गाळा.

सगळं मिळून अकरा किलो भरेल. खांद्याला रग लागेल, मान धरेल. हरकत नाही. वाळूत पाय ओढत चालणारा माणूस लांबून कलावंत वाटतो.

२. सूर्योदय गाठा

किनाऱ्यावरचा फोटो म्हटलं की सूर्योदय आलाच, म्हणून पुण्याहून रात्री दोनला निघा. मेहुण्याला गाडी चालवायला लावा. वडखळला चहा घ्या. साडेसहाला अलिबागच्या वाळूत ट्रायपॉड रोवून समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि सूर्याची वाट पाहा.

सात वाजतील. सव्वासात होतील. उजाडेल, पण सूर्य दिसणार नाही. घाबरू नका, तुमच्या कॅमेऱ्यात काही बिघाड नाही. हा पश्चिम किनारा आहे. सूर्य इथे तुमच्या पाठीमागून, गावावरून, एखाद्या हॉटेलच्या पाण्याच्या टाकीमागून उगवतो. शाळेत चौथीच्या भूगोलात हे सांगितलं होतं, पण तेव्हा तुमच्याकडे कॅमेरा नव्हता.

अशा वेळी पाठीमागून आलेलं कोवळं ऊन समोरच्या कुलाबा किल्ल्याच्या तटावर पडतं. दहा मिनिटं तो काळा दगड तांबूस होतो आणि बुरुजाची एकेक चीर मोजता येते. त्याकडे दुर्लक्ष करा. तुम्ही सूर्योदय काढायला आला आहात. ट्रायपॉड उचला, उलटा फिरवा आणि पाण्याची टाकी काढा.

३. भरतीची वेळ कुणालाही विचारू नका

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याचं तळं आहे. अर्थात हे ओहोटीला. तुम्ही मात्र वेळ ठरवताना तीन ॲप पाहिलीत. एकात सूर्य कुठे असेल, दुसऱ्यात ढग किती असतील, तिसऱ्यात आकाशगंगा कोणत्या कोनात असेल. समुद्र कुठे असेल ते कुणी पाहिलं नाही.

वाळूत एक मावशी टोपली घेऊन चाललेल्या असतील. तुम्ही बूट काढून पाण्यात शिरताना पाहून त्या म्हणतील, "आज दशमी हाय ना रं. साडेसातला भरती." हे लोकज्ञान समजून गोड हसा आणि पुढे व्हा.

त्या काय म्हणाल्या ते माहितीसाठी सांगून ठेवतो, तुम्हाला उपयोग नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे मंद भरती. यासाठी लागतं भिंतीवरचं कॅलेंडर आणि दुसरीतलं गणित. चार्जिंग लागत नाही, म्हणूनच ही पद्धत छायाचित्रकारांत रुजली नाही.

आज दशमी आहे. साडेसातला किल्ला पाण्याने वेढलेला आहे आणि तुम्ही मांडीपर्यंत भिजला आहात. मागे या. वाईट वाटून घेऊ नका. हा किल्ला नेमका यासाठीच पाण्यात बांधला होता.

४. समुद्र दुधासारखा करा

आता मुख्य कौशल्य. लाटा ही समुद्राची मोठी अडचण आहे. त्या उठतात, फुटतात, आवाज करतात आणि प्रत्येक लाट वेगळी असते. हे सगळं काढून टाकायचं. काळी काच लावा. एक तीसांश सेकंदाचा फोटो आता अर्ध्या मिनिटाच्या वर जातो. तेवढ्या वेळात आलेल्या-गेलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि फोटोत उरतं शांत, पांढरं, गुळगुळीत काहीतरी. बघणारा विचारतो, "धुकं का?" तुम्ही म्हणता, "समुद्र." तो म्हणतो, "वा." तुमचं काम झालं.

या अर्ध्या मिनिटात ट्रायपॉड हलता कामा नये. ओल्या वाळूत लाट परतताना पायांखालची वाळू ओढून नेते, त्यामुळे ट्रायपॉड हळूहळू समुद्राकडे झुकतो आणि क्षितिजही झुकतं. संगणकावर ते सरळ करता येतं, पण मग कडा कापल्या जातात आणि किल्ला पडतो. दोन्हींपैकी एक निवडा. आमचा सल्ला, किल्ला पाडा. क्षितिज वाकडं असेल तर ग्रुपवर लगेच कुणीतरी बोलतं, किल्ल्याबद्दल कुणी बोलत नाही.

टीप : वारा सुटला असताना उघड्यावर लेन्स बदला. वाळूचे कण सेन्सरवर बसतात आणि पुढे सहा महिने तुमच्या प्रत्येक फोटोत, अगदी बंद खोलीतल्या केकच्या फोटोतही, आकाशात पक्षी दिसतात.

५. एकटी होडी शोधा

किनारी फोटोला होडी हवी. एकच हवी, मोडकी हवी आणि रंग उडालेली हवी. धंद्यातल्या होड्या टाळा. त्यांवर नवे रंग असतात, झेंडे असतात, डिझेलची पिंपं आणि बर्फाच्या पेट्या असतात, खलाशी हुज्जत घालत असतात. थोडक्यात, त्या चालू असतात. चालू होडीत कला नाही. जिचं कर्ज फिटलं नाही, जी पुन्हा पाण्यात जाणार नाही आणि जिच्याकडे पाहून नाखवा मान फिरवतो, ती होडी घ्या. फोटोला नाव द्या, 'विसावा'.

वाटेतल्या अक्षी गावाच्या बाजूला अशी एखादी होडी हमखास सापडेल. सापडली हे कसं ओळखायचं? तिच्याभोवती चौदा जण ट्रायपॉड लावून उभे असतील. रांगेत उभे राहा. आपला नंबर आला की ते चौदा जण चौकटीत येणार नाहीत अशा बेताने एकांत टिपा.

६. कोळी बांधवांना सहभागी करून घ्या

स्पर्धांचे परीक्षक म्हणतात, फोटोत मानवी घटक हवा. तो कोळीवाड्यात मिळतो. वलांडीवर बोंबील सुकत घातलेले असतात, खाली जवळा पसरलेला असतो, कुणी जाळं शिवत बसलेलं असतं. कुणालाही न विचारता नेमके ऊन अडेल असे मध्ये उभे राहा. बोंबलांना दोन दिवस कडक ऊन लागतं, त्यातला अर्धा तास तुमच्या सावलीचा.

कामातल्या बाईला म्हणा, "मावशी, टोपली पुन्हा एकदा उचला ना." उचलली की म्हणा, "हसू नका." हसरा कोळी बक्षीस मिळवत नाही. फोटो कृष्णधवल करा, सुरकुत्या गडद करा आणि नाव द्या, 'संघर्ष'. मावशींच्या घरी फ्रीज आहे, मुलगी अलिबागला नर्स आहे आणि आज सकाळी मासळीला चांगला भाव आला म्हणून त्या खूश आहेत, हा तपशील फोटोत मावत नाही.

त्या म्हणतील, "फोटू काराचा त कार, पन मावरा पन घे." इथे सावध राहा. पाव किलो सुकट घेतलीत तर परत येताना गाडीभर वास सुटेल आणि मेहुणा बोलेल. त्याऐवजी म्हणा, "फोटो पाठवतो हं." नंबर घ्या, 'कोळी मावशी अक्षी' या नावाने साठवा आणि फोन बदलेपर्यंत सांभाळा.

७. पुढील गोष्टींचे फोटो काढू नका

नवशिक्यांचं लक्ष सहज विचलित होतं. म्हणून या वाटेवरच्या निरुपयोगी गोष्टींची यादी देत आहोत.

*अक्षीचा शिलालेख.* शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तुमच्याच भाषेत दगडावर चार ओळी कोरून ठेवल्या. पण दगड उभा आहे, तुमची चौकट आडवी आहे. सोडा.

*अलिबागची चुंबकीय वेधशाळा.* मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं. इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तिथे शंभराहून अधिक वर्षं चालली आहे. पण समोर सूर्यास्त होत नाही.

*रेवदंडा आणि चौल.* पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. सोबत विकायला एक घोडा होता. त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं, कारण त्याच्याजवळ दुसरं काही साधन नव्हतं. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. गाडीतूनच नमस्कार करा.

*कोर्लई.* पोर्तुगीजांचा किल्ला एका सोंडेवर आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची एक आगळी बोली बोलली जाते. पोर्तुगीज सत्ता इथून गेली १७४० मध्ये, बोली राहिली. पण बोलीचा फोटो निघत नाही. दीपस्तंभ काढा.

८. दुपारी जेवा

अकरा ते तीन या वेळात ऊन कडक असतं. प्रत्येक पुस्तकात लिहिलं आहे की या वेळात फोटो काढू नयेत. तेव्हा सुरमईची थाळी मागवा, सोलकढी दोनदा घ्या आणि सावलीत बसून सकाळचे तीनशे फोटो पाहा. त्यांतले दोनशे नव्वद टाकीचे आहेत.

याच वेळी, दीडपावणेदोनला, तिकडे अलिबागला ओहोटी आहे. घोडागाड्या वाळूतून किल्ल्याकडे चालल्या आहेत. पोरं पँट दुमडून, चपला हातात घेऊन देवळात जात आहेत. किल्ल्यावरून मागे पाहिलं तर अलिबाग समुद्रातून कसं दिसतं ते कळतं. हे तुम्हाला कळणार नाही, कारण सोलकढी छान आहे आणि प्रकाश वाईट आहे.

९. काशीदला गर्दी पुसा

काशीदची वाळू पांढुरकी आणि किनारा रुंद. तिथे उंट, घोडे, चार चाकी फटफट्या, नारळवाले, मक्याची कणसं आणि लग्नाआधीचं चित्रीकरण करणारी किमान पाच जोडपी असतात. जोडप्यांची ओळख सोपी आहे. मुलीचा झगा वाळूत पंधरा फूट पसरलेला असतो आणि एक भाऊ तो मागून हवेत उडवून पटकन चौकटीबाहेर पळत असतो. मुलगा तिच्याकडे प्रेमाने पाहत असतो, कारण ड्रोनवाल्याने तसं सांगितलेलं असतं.

हे सगळे फोटोत आले तरी काळजी नको. घरी गेल्यावर संगणकात एकेक माणूस पुसता येतो. आधी उंट पुसा, मग नवरामुलगा. सगळी माणसं गेली की खाली लिहा, 'अजून कुणाला ठाऊक नसलेला किनारा'. पुढच्या शनिवारी तो वाचून आणखी चाळीस गाड्या येतील.

ड्रोन तुमचाही असेल तर एक शब्द. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचा परवाना माफ आहे. एवढंच वाचा आणि थांबा. संरक्षित स्मारकांसाठी वेगळी परवानगी लागते, हे पुढच्या पानावर आहे आणि पुढचं पान कुणी वाचत नाही.

१०. जंजिरा पाऊण तासात घ्या

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात जा. पंजात हत्ती पकडलेल्या शरभाचं शिल्प दरवाजावर आहे. दरवाजा पूर्वेला, राजपुरीकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी उन्हात न्हालेला असतो. तुम्ही चारला पोचला आहात, तेव्हा तो सावलीत आहे. उत्तम. सावलीला 'मूड' म्हणतात.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला घ्यायचा प्रयत्न केला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर टाकून वाट करायला घेतली. जंजिरा पडला नाही. संस्थान विलीन झालं १९४८ मध्ये. तुम्हाला होडीवाल्याने पाऊण तास दिला आहे. पळा. एकोणीस बुरूज, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे दोन तलाव. बुरुजामागे अडीच मिनिटं पडतात, त्यातलं दीड मिनिट समोरचं कुटुंब सेल्फी संपवेपर्यंत जातं. तोफेवर बसलेल्या काकांना उठवू नका. ते दमले आहेत, आणि ती तोफ बावीस टनांची आहे, तिला काही होत नाही.

११. सूर्यास्त

हाच तो क्षण. मुरूडच्या किनाऱ्यावर सव्वासहाला सूर्य खरोखर समुद्रात बुडतो. त्याला चुकवणं अशक्य आहे, म्हणून तिथे सगळेच असतात. पाण्याच्या अगदी कडेला, सर्वांच्या पुढे ट्रायपॉड लावा. बॅग मागे कोरड्या वाळूत ठेवा, चेन उघडी असू द्या. काळी काच लावा, बटण दाबा आणि अर्धा मिनिट श्वास रोखून स्क्रीनकडे पाहा. सूर्याकडे पाहू नका, तो नंतर फोटोत पाहता येईल.

सकाळचं गणित आठवतंय? दशमी, साडेसात. संध्याकाळची भरती आठला थोडा वेळ असताना. म्हणजे सव्वासहाला पाणी चढतं आहे. ज्याला तुम्ही कोरडी वाळू म्हणालात ती सकाळी ओली होती, हे चारचौघांनी पाहिलं होतं. भांगाचे दिवस असल्यामुळे समुद्र आज सौम्य आहे. तो फक्त बॅग नेतो.

आम्ही स्वतः इथे एक टेलिफोटो लेन्स अरबी समुद्राला दिली आहे. दोन दिवसांनी एका पोराने जाळ्यात आलेली म्हणून परत आणून दिली. आत एक लहान खेकडा होता. तो आमच्यापेक्षा जास्त वेळ त्या लेन्समधून पाहत होता.

१२. घरी आल्यावर

एकूण आठशे त्रेचाळीस फोटो. आकाश फिकं वाटतं? संगणकात तयार आकाशं मिळतात, दुसरं लावा. ढग दक्षिण अमेरिकेतले असले तरी मुरूडवर छान बसतात. निळा वाढवा, केशरी वाढवा, डोळे दुखायला लागले की एक टप्पा आणखी वाढवा. कोपऱ्यात स्वतःचं नाव किल्ल्यापेक्षा मोठं टाका. ठिकाण विचारलं तर सांगा, "कोकणात कुठंतरी." जागा फुटता कामा नये. तिथे फक्त तुम्ही आणि ते चौदा जण गेला होतात.

वारंवार येणाऱ्या अडचणी

*फोटोत समुद्र ओळखू येत नाही.* दुधाचं प्रमाण जास्त झालं. काळी काच काढा, लाट येऊ द्या.

*सगळ्यांचे फोटो माझ्यासारखेच आहेत.* तुम्ही पंधराव्या क्रमांकावर उभे होतात. पाठ फिरवून पाहा.

*बायको विचारते, समुद्र कसा होता.* फोटो दाखवा. ती पुन्हा विचारेल, "नाही, समुद्र कसा होता?" या प्रश्नावर आमच्याकडे सध्या उपाय नाही.

*मावशींचा फोटो पाठवायचा राहिला.* आत्ता पाठवा. हसतानाचा एक निघाला असेल, टोपली दुसऱ्यांदा उचलायला सांगण्याच्या आधीचा, तो पाठवा. आणि परत जाणार असाल तर निघण्यापूर्वी ॲप नका पाहू, कॅलेंडर पाहा.

उद्या एकादशी आहे. भरती सव्वाआठला.